सुमनआत्या तिकडं कशाला गेल्या होत्या

आप्पांचा फोन आला तेव्हा मी तासावर होते. मुरूमला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वर्गात फोन वाजू द्यायचा नाही असा नियम आहे, आणि मुलांना तो बजावणारी मीच, त्यामुळं माझा फोन पर्समध्ये मुका पडलेला असतो. तास संपवून पाहिलं तर आप्पांचे बरेच फोन येऊन गेलेले. व्हरांड्यात उभी राहून मी लावला. आप्पा नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "शुभा, अक्का गेल्या." आणि मी विचारलं, "कुठं?"

असा प्रश्न तोंडातून कसा गेला, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. पण आमच्या घरात 'अक्का गेल्या' हे शब्द याआधी एकदा बोलले गेले होते, आणि तेव्हा त्यांचा अर्थ एवढाच होता, की आप्पांची थोरली बहीण, माझी सुमनआत्या, निवृत्त झाल्यावर विमानात बसून इंग्लंडला शिकायला गेली. तेव्हाही आप्पा असंच, कोरड्या आवाजात बोलले होते. या खेपेला मात्र आप्पा थोडं थांबले. म्हणाले, "न्हाई बाळा. गेल्या म्हंजे... गेल्या." सकाळी ओसरीवर चहा घेत बसल्या होत्या. कप खाली ठेवला आणि तिथंच कलंडल्या. नळदुर्गच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

आता काही आठवडे झाले. जलदान विधी झाला, पाहुणे आले आणि गेले. त्या दिवशी मांडवातसुद्धा एका लांबच्या नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "का गं शुभा, तुझी आत्या तिकडं नेमकी कशाला गेली होती?" मी इंग्रजी शिकवते, आत्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी मी करून घेतली, अर्ज माझ्याच लॅपटॉपवरून गेला. तेव्हा उत्तर माझ्याकडं असणार, असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडं ते नाही. आत्या गेल्यापासून मी ते शोधतेय आणि जितकं शोधतेय तितका गुंता वाढतोय.

आत्या अणदूरच्या. लग्न होऊन नळदुर्गला गेल्या आणि फार थोड्या वर्षांत परत आल्या, कारण नवरा अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. आजोबांनी त्यांना पुन्हा शिकायला बसवलं, त्या शिक्षिका झाल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधून उभी हयात घालवली. त्यातली कितीतरी वर्षं लमाणांच्या तांड्यावर गेली. तिथली पोरं घरी त्यांची बोली बोलायची, शाळेत मराठी ऐकायची आणि मधल्या मधे गप्प बसायची. आत्यांना सगळे बाई म्हणत. कडक बाई. मी लहानपणी त्यांच्या हाताखाली नव्हते, तरी त्यांचं पाऊल वाजलं की माझी पाठ ताठ व्हायची. त्यांना मोठ्यानं हसताना मी पाहिलेलं आठवत नाही. त्यांच्या नवऱ्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. तसा कुणी दंडक घातला नव्हता... पण काढत नसे.

इंग्लंडचं सगळं माझ्यापासून सुरू झालं. मी एम.ए. झाले होते, भाषा कशी शिकवावी या विषयात पुढं काही करावं असं मनात होतं, आणि नेटवर शोधताना एक छोटं विद्यापीठ सापडलं. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या कुठल्याशा गावातलं, आमच्यापैकी कुणी नावही न ऐकलेलं. त्यांनी होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक ऑनलाइन कार्यक्रम ठेवला होता. घरबसल्या विद्यापीठ बघा, प्रश्न विचारा. आप्पांना मोठी उत्सुकता. त्यांनी शेजारच्या खोलीतून आत्यांनाही बोलावून आणलं. दुपारची वेळ होती. आई शेंगा फोडत बसलेली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवा स्वेटर घातलेल्या, पिकल्या केसांच्या एक बाई आम्हाला त्यांचं विद्यापीठ दाखवत होत्या.

त्या बाई फार मनापासून बोलत होत्या. म्हणाल्या, आम्ही लहान आहोत. मोठ्या शहरातल्या विद्यापीठांसारखे उंच मनोरे आमच्याकडं नाहीत. पण पहिल्या वर्षी प्रत्येकाला स्वतःची खोली मिळेल. ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं असतं. निबंध लिहिताना अडलात तर मदत करायला एक माणूस बसलेला असतो. वर्गात डझनभर विद्यार्थी असतात. आणि इथं तुमचे शिक्षक तुम्हाला नावानं ओळखतील. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मी मराठीत करून सांगितलं तेव्हा आत्यांच्या कपाळाला आठी पडली.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"मास्तरनं पोराला नावानं वळखायचं, ही काय जाहिरात करायची गोष्ट हाय का? ते तर पैल्या दिशी हजेरीतच होतंय." मग जरा वेळानं, जणू स्वतःलाच, "आन् मी नावानं वळखत होते, त्याचं काय झालं..."

काय झालं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्यांनी मला एक प्रश्न टाइप करायला लावला. एखाद्या विद्यार्थ्याला शिकवलेलं कळलंच नाही, तर? हिरव्या स्वेटरच्या बाईंनी तो वाचला, हसल्या आणि म्हणाल्या, "दार वाजवायचं आणि आत यायचं. आम्ही बसलेलो असतो." आत्या त्या पडद्याकडं बघत राहिल्या. कार्यक्रम संपून पडदा काळा झाला तरी उठल्या नाहीत.

मला प्रवेश मिळाला. आणि मला कळलं की मला जायचं नाही. कारण विचारलं तर मोठं काही नव्हतं. लग्न ठरलेलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. मुरूमची नोकरी नुकतीच लागली होती आणि मला ती आवडायला लागली होती. मी घरी तसं सांगितलं. आप्पा हिरमुसले. आत्या ताटावर बसल्या होत्या. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "बरं. मग मी जाते."

आम्ही हसलो. आत्या जेवत राहिल्या.

त्या थट्टा करत नाहीत हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. त्या रोज संध्याकाळी मला फोन करून इंग्रजीत बोलायला लागल्या. खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यानं चालता चालता, लोक वळून बघतील याची पर्वा न करता, फोन कानाला लावून, आज काय जेवले, कोण भेटलं, ऊन किती पडलं, सगळं इंग्रजीत. पहिल्यांदा परीक्षेत त्या कमी पडल्या. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "तांड्यावरचं एक पोरगं तीनदा चौथीला बसलं होतं माझ्याकडं," आणि दुसऱ्यांदा पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आल्या. पैसा त्यांचा स्वतःचा, नोकरीभर साठलेला, त्यामुळं त्या वाटेनं कुणाला अडवता येईना. आप्पांनी एकदाच धीर करून म्हटलं, "अक्का, ह्या वयात?" आत्यांनी भिंतीकडं पाहिलं. आमच्या घरात, आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात, समुद्र ओलांडून शिकायला गेलेल्या आणि आम्हाला शिका म्हणून सांगून गेलेल्या माणसाचा फोटो आहे. "त्यांनी वयाचं काय सांगितलंय व्हय रं?"

पण का, ते त्या प्रत्येकाला वेगळं सांगत. आप्पांना म्हणाल्या, बघून येते. आईला म्हणाल्या, "बर्फ कसा लागतोय हाताला, ते बघायचंय." व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीनं कागद उलटसुलट करून, विद्यार्थी कोण, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मीच." विद्यापीठानं पडद्यावर मुलाखत घेतली तेव्हा मी खोलीतच होते. आताच का यावंसं वाटलं, असं त्यांनी विचारलं. आत्या इतका वेळ गप्प राहिल्या, की मला वाटलं नेट गेलं. मग त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आता माझ्याकडं वेळ आहे." आणि मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तू न्हाई म्हणालीस. जागा रिकामी राहील की."

माझी जागा त्यांना मिळणार नव्हती, असं काही नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग असं का म्हणाल्या? माझ्यावरचा राग होता का तो? की पहिल्या दिवसापासून त्यांनाच जायचं होतं, आणि मी फक्त दार किलकिलं केलं? मी तेव्हा विचारलं असतं तर कदाचित तिसरंच काही ऐकायला मिळालं असतं.

वर्षभर दर रविवारी फोन यायचा. बरी हाय. जेवले. थंडी लई हाय. वर्गातली बाकीची सगळी माझ्या वयाची किंवा माझ्याहून लहान होती. शिकवणारे सर आत्यांपेक्षा बरेच धाकटे. खोलीबद्दल मात्र त्या जास्त बोलत. लहानशी खोली, एक खिडकी, खिडकीतून सपाट शेतं दिसतात, आपल्याकडच्या रानासारखी, पण नुसती हिरवी. "आन् दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडंच, दुसरीकडं न्हाई." हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की मी वैतागून म्हटलं, "आत्या, हॉटेलातबी असतं की तसं."

एकदा रविवार नसताना फोन आला. आवाज वेगळाच होता. पहिला निबंध परत आला होता. भाषा ठीक, संदर्भ ठीक, पण सरांनी शेवटी लिहिलं होतं, यात तुम्ही कुठं आहात?

"शुभा, निबंधात मी कुठंय म्हंजे काय गं? निबंध पोरांच्या भाषेवर हाय. मी कशाला असंन त्यात?"

मी मला सुचेल तसं समजावलं. तुमचं मत लिहा, तुमचा अनुभव लिहा, पुस्तकातल्याला तुमच्या बाजूनं उत्तर द्या. मग त्या सावकाश म्हणाल्या, "मला कुणी असं इचारलंच न्हाई कवा. मीबी कुणाला इचारलं न्हाई." आणि मग, "दार वाजवून गेले होते त्यांच्याकडं. बसले. चहा दिला त्यांनी. म्हणले, तांड्याचं सांगा. मी सांगायला लागले तर बोलताच येईना, शुभा. मराठीतबी येईना."

पुढचे निबंध त्यांनी मला दाखवले नाहीत. पास झाल्या, एवढं कळवलं. पहिल्या आल्या नाहीत, शेवटच्याही आल्या नाहीत. पदवीदानाला थांबल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा सोलापूर स्टेशनवर आप्पा हार घेऊन उभे होते. आत्या उतरल्या त्या साडीवर स्वेटर आणि पायात जाड तळाचे बूट घालून. त्यांचा चेहरा कसा होता हे मी कितीदा आठवून पाहिलंय. दमलेला होता, हे नक्की. सुखी होता की दुःखी, ते मला तेव्हाही वाचता आलं नाही.

गावात सत्कार झाला. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, जुने विद्यार्थी आले, तांड्यावरून दोन जीपा भरून लोक आले. आत्या बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तिथं पाऊस बारीक पडतो, बस वेळेवर येते, ग्रंथालय चांगलं आहे. मग थांबल्या. लोक वाट बघत होते. शेवटी पुढच्या रांगेतून एका पालकानं विचारलं, "बाई, पोरांना धाडावं का तिकडं? काय मिळतंय तिथं?" आत्यांनी बराच विचार केला. "मला सांगता येणार न्हाई," म्हणाल्या आणि खाली बसल्या. टाळ्या वाजल्या, पण जरा गोंधळून वाजल्या.

तरीही लोक येत राहिले. उमरग्याहून, लोहाऱ्याहून, मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन बाप यायचे. परदेशी जाऊन आलेल्या बाई म्हणून मार्गदर्शन हवं असायचं. आत्या चहा द्यायच्या आणि मुलीकडं वळून विचारायच्या, "तुला काय वाटतं?" उत्तर बाप द्यायचा. आत्या त्याचं ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा मुलीकडं वळायच्या. "तुला गं?" मग नुसत्या थांबायच्या. एवढं थांबायच्या की समोरच्याला घाम फुटावा. सास्तूरची एक मुलगी अशी रडायलाच लागली, आणि तिचा बाप उठून तिला घेऊन गेला. गावात म्हणायला लागले, बाई तिकडून जरा वेगळ्याच होऊन आल्या. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, लोक एवढ्या लांबून येतात, काहीतरी सांगा ना त्यांना." त्या म्हणाल्या, "तेच तर न्हाई ना सांगायचं."

त्या पदवीचं त्यांनी काही केलं नाही. दुपारी खोलीचं दार लावून बसायच्या. आमच्याकडं दिवसाउजेडी दार लावत नाहीत, कुणी आजारी आहे असं वाटतं. मला कधी वाटायचं, त्या वर्षानं त्यांचं काहीतरी मोडलं. शिकवण्यात गेलेलं सगळं आयुष्य त्या आत बसून उलटं तपासतायत. कधी वाटायचं, छे, नुसत्या विसावा घेत असतील. दुखरे गुडघे सोडले तर तब्येतीला काही नव्हतं, जेवण व्यवस्थित होतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि सोडून द्यायची. आत्या काय, असणारच आहेत, कधीतरी विचारू, असंही वाटत असावं.

विधीनंतरच्या रविवारी मी अणदूरला होते. आत्यांचा फोन आप्पांनी चार्ज करून ठेवला होता. का ठेवला होता, त्यांनाच माहीत. दुपारी तो वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर एक तरुण मुलगी, घानाची, नाव ग्रेस. आत्यांच्या वर्गात होती, शेजारच्या खोलीत राहायची, आता इंग्लंडमध्येच एका शाळेत शिकवते. सुमन उत्तर देत नाही म्हणून काळजीनं फोन केला, म्हणाली. सुमन... क्षणभर मला कळेना ती कुणाबद्दल बोलतेय. मी सांगितलं तसं ती तोंडावर हात धरून कितीतरी वेळ रडली. मग डोळे पुसून बोलायला लागली, आणि ती जे बोलत होती ते मी आई-आप्पांना मराठीत करून सांगत होते, पण सांगता सांगता माझाच विश्वास बसत नव्हता. सुमन इतक्या मोठ्यानं हसायची की खालच्या मजल्यावरचे वर येऊन बघायचे. सुमननं तिला सामाईक स्वयंपाकघरात हात धरून गरागरा फिरण्याचा एक खेळ शिकवला, आणि फिरता फिरता दोघी फ्रिजवर आपटल्या.

"फुगडी?" आई म्हणाली. "आमच्या वन्सं? पंचमीला पाया पडून इनवलं तरी उठायच्या न्हाईत."

मग ग्रेसनं विचारलं, "तिला रमेशच्या जवळ ठेवलं का?"

आमच्याकडं दहन करतात, शेजारी शेजारी असं काही नसतं, हे सांगायच्या आधी मला रमेश कोण ते आठवावं लागलं. आप्पांना आठवावं लागलं नाही. ते नाव कानावर पडताच ते एकदम उठून उभे राहिले. ग्रेस सांगत होती, रमेशनं सुमनला नळदुर्गच्या किल्ल्याकडच्या रस्त्यावर सायकल शिकवली होती, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, अंधार पडायच्या वेळी, कुणी बघू नये म्हणून. तिकडं सुमननं जुनी सायकल घेतली. वर्गाला सायकलवर यायची, साडीचा पदर कमरेला खोचून. रमेशबद्दल ती रोज काहीतरी सांगायची. तुम्हाला तर सगळं माहीतच असेल, ग्रेस म्हणाली.

फोन ठेवला. आईनं हळूच विचारलं, "तुमास्नी ठावं होतं का सायकलचं?" आप्पांनी नकारार्थी मान हलवली.

म्हणजे त्या याच्यासाठी गेल्या होत्या का? जिथं आपल्याला विधवा म्हणून, बाई म्हणून, अक्का म्हणून कुणी ओळखत नाही, तिथं जाऊन मेलेल्या नवऱ्याचं नाव घेता यावं म्हणून? की ते तिथं गेल्यावर आपोआप झालं? आणि तसं असेल तर मग परत का आल्या, पदवीदानालाही न थांबता? हिरव्या स्वेटरच्या त्या बाईंनी आम्हाला खोली सांगितली, ग्रंथालय सांगितलं, शिक्षक सांगितले. स्वयंपाकघरातल्या फुगडीचं त्यांनाही माहीत नसणार. मी हे जुळवू पाहतेय, पण माझ्या ओळखीच्या आत्या आणि ग्रेसची सुमन एकमेकींशेजारी उभ्या केल्या की दोघीही मला अनोळखी वाटायला लागतात. यातली कुठली खरी, असं विचारणंही चुकीचं असेल. मला माहीत नाही.

परत आल्यापासून आत्यांना एक सवय लागली होती. त्या दार वाजवायच्या. आमच्याकडं दार वाजवत नाहीत. पुरुष असेल तर खाकरतो, बाई असेल तर हाक मारत आत येते. आत्या मात्र उघड्या दाराच्याही चौकटीवर बोटांनी टकटक करायच्या आणि आतून कुणी या म्हणेपर्यंत थांबायच्या. स्वयंपाकघराच्या दारात अशा उभ्या राहिल्या की आई कावायची. "अवो वन्सं, घर तुमचंच हाय की." आप्पा त्यांच्या खोलीत कायमचे तसेच घुसायचे, शेंगा द्यायला, पेपर न्यायला, आणि आत्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, "दत्ता, दार वाजीव की रं." आप्पांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या रविवारी गोठ्यातला दिवा गेला. जादाचा दिवा आत्यांच्या कपाटात असायचा. मी ओसरीवर पेपर तपासत बसले होते. आप्पा पडवीतून गेले, आत्यांच्या खोलीपाशी थांबले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी हात वर केला आणि बोटांनी दोनदा, अगदी हलकेच वाजवलं. मग तिथंच उभे राहिले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पलंगावरून उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मान खाली घालून थांबले, मग चपला बाहेर काढल्या आणि आत गेले.